पावसात भंडारदरा: आभाळाकडे कमी, विसर्गाकडे जास्त बघून दिवस ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑगस्टमध्ये पुण्याहून भंडारदऱ्याला जायचंय, सोबत सत्तरी ओलांडलेले आई-वडील आणि सात वर्षांची मुलगी. कुणी सांगतं धरण भरल्यावरच जा, कुणी सांगतं भर पावसात धुक्याशिवाय काही दिसत नाही. अम्ब्रेला फॉल चालू असेल का, आणि मुलीला पाण्यात थोडं खेळू दिलं तर चालेल का, हेही तुम्हाला हवंय.

माझी बरीचशी नोकरी जलसंपदा विभागात, सह्याद्रीतल्या धरणांवर, पावसाळ्यात पूरनियंत्रणाच्या कामावर गेली. त्या कामातून आलेल्या समजुतीवर हे लिहितोय. तुम्ही चार प्रश्न विचारलेत, पण त्यांच्या मुळाशी एकच आहे: त्या दिवशी पाणी कुठे असेल आणि ते कोण सोडणार आहे? एकदा हे कळलं की काय दिसेल आणि कुठे धोका आहे, दोन्ही एकदमच कळतं.

बहुतेक लोक पाऊस पाहून बेत ठरवतात. डोंगरातल्या धरणावर तुमच्या डोक्यावरचा पाऊस आणि तुमच्या पायाशी असलेलं पाणी यांचा ताळमेळ फार सैल असतो. भंडारदऱ्याच्या जलाशयात येणारं पाणी धरणालगतच्या शेंडी गावात पडत नाही. ते पडतं पश्चिमेला, घाटमाथ्याला चिकटून असलेल्या घाटघर, रतनवाडी, पांजरे या पट्ट्यात. शेंडीत ऊन असताना घाटघरला मुसळधार सुरू असणं यात नवल काही नाही. इथून पूर्वेला निघालात तर राजूर, अकोले, संगमनेर असा पाऊस झपाट्याने कमी होत जातो. संगमनेरच्या पठारभागाला तर दुष्काळाची सवय आहे. शंभरेक किलोमीटरच्या आत पावसाचा एवढा उतार आहे, आणि हे धरण तिथेच का बांधलं याचं उत्तरही त्यातच आहे.

आता जरा हिशेब करू. शंभर चौरस किलोमीटर पाणलोटावर (जिथलं पाणी वाहत धरणात येतं तो भाग) एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर एक कोटी घनमीटर पाणी झालं, म्हणजे सुमारे ३५३ दशलक्ष घनफूट. जूनमध्ये त्यातलं बरंच तापलेली जमीन पिऊन टाकते. ऑगस्टमध्ये जमीन तुडुंब असते, भातखाचरं भरलेली असतात, त्यामुळे पडलेल्या पाण्यातलं बहुतेक पाणी ओढ्यांवाटे थेट जलाशयात येतं. भंडारदऱ्याची साठवण ११,०३९ दशलक्ष घनफूट. म्हणून जूनअखेर अर्धामुर्धा दिसणारा जलाशय जुलैच्या दोन-तीन जोरदार झडींत ओळखू येत नाही. वर्षावर्षात फरक पडतो, पण साधारण ऑगस्टच्या मध्याच्या आसपास धरण भरतं असा अनुभव आहे. १०,५०० दशलक्ष घनफूट झाले की विभाग ते 'तांत्रिकदृष्ट्या भरलं' म्हणतो, कारण त्यापुढे येणाऱ्या पाण्यासाठी थोडी जागा मोकळी ठेवावी लागते.

तुमच्यासाठी हाच टप्पा महत्त्वाचा. धरण भरेपर्यंत पाऊस कितीही असला तरी ते पाणी जलाशय गिळतो, आणि धरणाखालची प्रवरा बारीक वाहते. धरण भरलं की चित्र उलटं होतं: जेवढी आवक, जवळजवळ तेवढा विसर्ग. पाऊस थांबला तरी पाणलोटातले ओढे काही तास वाहतच राहतात, आणि सांडवाही, म्हणजे धरणातलं जादा पाणी बाहेर पडायची वाट. म्हणजे तुम्ही लख्ख उन्हात धरणाखाली उभे असताना नदी वाढू शकते.

अम्ब्रेला फॉलचं उत्तर इथेच मिळतं. तो नैसर्गिक धबधबा नाही. धरणाच्या भिंतीतल्या मोरीतून पाणी सोडलं की ते खालच्या गोलसर खडकावरून चहूबाजूंनी छत्रीसारखं पसरतं, म्हणून ते नाव. मोरी बंद तर छत्री बंद, मग वर पाऊस कितीही कोसळो. उलट, उन्हाळ्यात शेतीचं आवर्तन त्या मोरीतून सोडलं तर कडक उन्हातही तो वाहताना दिसेल. रंध्याचा धबधबा नैसर्गिक आहे, पण तो धरणाच्या खाली, त्याच प्रवरेवर. तिथे साधारण १७० फुटांवरून उडी घेणारं पाणी पुष्कळसं वरच्या विसर्गावर अवलंबून असतं. घाटघर-रतनवाडीच्या बाजूचे, कड्यांवरून जलाशयाकडे झेपावणारे धबधबे मात्र निव्वळ पावसाचे. ते झड सुरू असताना आणि थांबल्यावर थोडा वेळच भरात असतात.

तेव्हा जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात गेलात तर वरचे धबधबे, भाताच्या आवणीची लगबग, हिरवे डोंगर मिळतील. अम्ब्रेला आणि रंधा कदाचित निराश करतील. ऑगस्टच्या उत्तरार्धात जलाशय काठोकाठ असेल, खालचे धबधबे चालू असण्याची शक्यता जास्त, आणि पावसात उघडीपही मिळते. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा मला स्वतःला सगळ्यांत आवडतो: धरण भरलेलं, धुकं कमी, रानफुलं सुरू झालेली. वृद्ध माणसं बरोबर असतील तर मी तोच सुचवेन. पण मुलीच्या शाळेची सुट्टी ऑगस्टमध्येच असेल तर १५ ऑगस्टचा जोडून आलेला शनिवार-रविवार तेवढा टाळा. त्या दिवसांत पोलिसांना एकेरी वाहतूक करावी लागते, आणि आई-वडिलांचा अर्धा दिवस गाडीतच जाईल.

निघण्याच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळी काय बघायचं, ते सांगतो. धरणांची आकडेवारी रोज सकाळी घेतली जाते आणि स्थानिक वर्तमानपत्रांत, बातम्यांच्या वाहिन्यांवर येते. त्यात टक्केवारीकडे सगळ्यांचं लक्ष असतं. तुम्ही तीन आकडे शोधा: घाटघर-रतनवाडीचा २४ तासांतला पाऊस, आवक, आणि विसर्ग. विसर्ग क्युसेकमध्ये देतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ५,००० क्युसेक विसर्ग म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे चौदा टँकर नदीत एकदम रिकामे होतायत असं समजा. आणि ११,५७४ क्युसेक चोवीस तास चालला की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, पाणी गेलं. या पाण्याच्या काठावर मुलांना घेऊन उतरायचं की नाही, हे आकडाच सांगतो.

हवामान खात्याचे इशारेही नीट वाचा. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे 'जोरदार', ११५.६ पासून 'अतिजोरदार', आणि २०४.४ च्या पुढे 'अत्यंत जोरदार'. इशारा जिल्ह्याचा असतो, आणि अहिल्यानगर जिल्हा पसरलेला आहे. त्याच्या पूर्व भागात रिमझिम आणि अकोल्याच्या पश्चिम टोकाला ढगफुटीसारखा पाऊस, असं एकाच दिवशी होऊ शकतं. म्हणून शेजारच्या नाशिक आणि पुण्याच्या घाटमाथ्यासाठी काय इशारा आहे, तेही बघा. घाटमाथा सलग आहे. त्यात 'रेड' असेल तर जाऊ नका. 'ऑरेंज' असेल तर तुमच्यासोबत जी माणसं आहेत ती बघता मी तरी पुढे ढकलीन. तरुण, धडधाकट चौघांना मी वेगळं सांगितलं असतं. शिवाय जिल्हाधिकारी पावसाळ्यात पर्यटनस्थळांवर मनाईचे आदेश काढतात, ते दरवर्षी आणि दर ठिकाणी वेगळे असतात. तेही त्याच सकाळी तपासा.

आता मुलीला पाण्यात खेळू देण्याबद्दल. इथे मी थोडा लांबण लावणार आहे.

धरणाखालच्या नदीपात्रात: नाही. घोट्याएवढं पाणी असलं तरी नाही. दरवाजे किंवा मोऱ्या उघडण्याआधी भोंगा वाजवतात, नदीकाठच्या गावांना कळवतात, विसर्गही टप्प्याटप्प्याने वाढवतात. आमच्या कामातला हा सगळ्यांत गंभीर भाग असे, आणि दरवाजाला हात लावण्याआधी खालचं पात्र मोकळं आहे ना, याची चौकशी व्हायचीच. पण भोंग्याचा आवाज पाण्याच्या खळखळाटात, गाड्यांतल्या गाण्यांत, वाऱ्यात विरतो. काही किलोमीटर खाली तो पोचतही नाही. खडकावर बसून फोटो काढणाऱ्याला पाणी वाढतंय हे कळतं तेव्हा त्याच्या आणि काठाच्या मधली वाट बुडालेली असते. मोठा माणूससुद्धा गुडघाभर वेगवान पाण्यात उभा राहू शकत नाही. सात वर्षांच्या मुलीला घोट्याच्या वर पाणी आलं तरी पुरे. त्यात खालचा खडक शेवाळलेला.

धरणाच्या वरच्या अंगाच्या ओढ्यांत: तिथे दरवाजा नाही, म्हणून लोकांना ते सुरक्षित वाटतात. ३० जून २०२४ ला लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यांत लहान मुलं होती. ती धरणाच्या पाण्यात उतरली नव्हती. वरून येणाऱ्या ओढ्यात होती, आणि डोंगरावर पडलेल्या पावसाचा लोंढा एकदम आला. ओढ्याचं पाणलोट लहान आणि उतार तीव्र असतो, त्यामुळे तो नदीपेक्षाही कमी वेळात चढतो. ती बातमी वाचल्यापासून ओळखीच्या प्रत्येकाला मी हेच सांगत आलोय की बाळगोपाळांना घेऊन ओढ्याच्या मधल्या दगडावर बसू नका. कुठेही.

ओढ्याच्या जवळून जावं लागलं तर लक्ष कशाकडे ठेवायचं? नितळ पाणी अचानक गढूळ झालं, पानं-काटक्या तरंगत यायला लागल्या, किंवा आवाजाचा सूर जड झाला, की वर कुठेतरी पाणी वाढलंय. अशा वेळी सामान गोळा करत बसायचं नाही. आलेल्या वाटेने परत फिरण्यात वेळ जात असेल तर सरळ उंच काठावर जायचं. रस्त्यावरच्या फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका, समोरून कुणी पार झालेलं दिसलं तरी. पाण्याखाली फरशी जागेवर आहे की वाहून गेली, हे वरून दिसत नाही.

जलाशयाच्या काठाचा धोका वेगळा आहे. पाणी शांत दिसतं, पण काठ मातीचा आणि भिजून सैल झालेला असतो. दोन पावलांत खोली वाढते. पाण्याखाली जुनी खाचरं, त्यांचे बांध, दगड असतात. काठावर उभं राहून बघा, पाण्यात नको. मुलीला खेळायला रस्त्याकडेचं पावसाचं पाणी, हॉटेलच्या अंगणातली डबकी भरपूर आहेत, आणि खरं सांगतो, सात वर्षांच्या मुलांना तेवढ्याने आनंद होतो.

मग बघायचं काय? पुण्याहून नारायणगाव, संगमनेर, अकोले, राजूर असा किंवा आळेफाट्यावरून कोतूळमार्गे रस्ता आहे. पावसात खाणं-थांबणं धरून साडेचार-पाच तास जातात. म्हणून एका दिवसात जाऊन-येऊन करू नका, एक रात्र राहा. पोचलात त्या दुपारी फक्त जलाशय आणि धरणाचा परिसर. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघून मुतखेल, कोलटेंभेवरून रतनवाडीला जा. अभयारण्याच्या नाक्यावर प्रवेश शुल्क भरावं लागतं आणि दारू-प्लास्टिकची तपासणी होते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याची हद्द आहे ती. रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर आई-वडिलांना नक्की आवडेल. गाडी जवळपर्यंत जाते, चढ नाही, आणि ओल्या काळ्या दगडावरचं कोरीव काम कोरड्या दिवसापेक्षा खुलून दिसतं. प्रवरा इथल्याच डोंगरांत, रतनगडाच्या अंगाखांद्यावर उगम पावते. तिथे उभं राहून नदीचं हे बाळरूप मुलीला दाखवा आणि दुपारी रंध्याला तीच नदी दाखवा. तिच्या भूगोलाच्या पुस्तकातला पानभर मजकूर तिला पाठ करावा लागणार नाही.

घाटघरचा कोकणकडा धुक्यात असेल तर तिथे वाट बघत बसू नका. घाटमाथ्यावर ढग अडकतो तो तासन्‌तास हलत नाही. अशा वेळी सरळ पूर्वेला या. रंधा घाटघरपेक्षा कमी पावसाच्या पट्ट्यात आहे, तिथे बऱ्याचदा मोकळं असतं. उलट, सकाळी शेंडीतून पश्चिमेचे डोंगर स्वच्छ दिसत असतील तर आधी घाटघर उरका, रंधा नंतर. बेत लवचीक ठेवा, एवढंच. साम्रदच्या सांदण दरीचं नाव कुणी काढलं तर पावसाळ्यात तिकडे फिरकू नका. ती पाण्याचीच वाट आहे.

रंध्याला कठड्याच्या आत राहूनच बघा. आईंना पायऱ्या जमतील का, ते तिथे बघून ठरवा. पायऱ्या ओल्या असतात. पावलाला घट्ट बसणारे, खाली खोल नक्षीचे बूट घाला, प्लास्टिकच्या चपला नकोत. वडिलांसाठी छत्रीपेक्षा रेनकोट आणि हातात काठी बरी. वाऱ्यात छत्री सांभाळताना तोल जातो.

धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय जाता येत नाही, ड्रोनही उडवता येत नाही. चौकीदाराशी त्यावरून वाद घालू नका. भर पावसात तो माणूस रात्रभर जागलेला असतो. पण लांबून का होईना, ती भिंत नीट बघा असं मी आग्रहाने सांगेन. १९१० मध्ये काम सुरू झालं, १९२६ मध्ये पूर्ण झालं. उंची सुमारे ८२ मीटर, सगळी दगडी बांधणी. त्या काळात देशातल्या सर्वांत उंच धरणांपैकी ते एक होतं. मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव धरणाला आणि आर्थर हिल यांचं नाव जलाशयाला दिलं गेलं. १९६९ मध्ये भिंतीत तडे दिसले, तेव्हा खालच्या बाजूने आधारभिंती बांधून ती बळकट केली. खालून पाहिलंत तर त्या भिंती ओळखता येतात. अशी भिंत स्वतःच्या वजनावर पाणी अडवून धरते. जलाशय काठोकाठ असतो त्या दिवसांत तिच्यावरचा दाब सर्वांत जास्त, आणि आम्हा लोकांचं तिच्या गळतीच्या मोजमापांकडे लक्षही तेव्हाच सर्वांत जास्त.

इथून सुटलेलं पाणी पुढे निळवंडे धरणात जातं. त्याची साठवण ८,३२० दशलक्ष घनफूट. वाकीचा तलाव भरून कृष्णवंती नदी वाहू लागली की तिचं पाणीही त्यातच येतं, म्हणून भंडारदऱ्याचा सांडवा सुरू होण्याआधीच निळवंडे चढायला लागतं. त्याखाली ओझरच्या बंधाऱ्यावरून प्रवरेचे कालवे निघतात, आणि संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीची शेती त्यांवर उभी आहे. १९५० च्या सुमाराला लोणीला देशातला पहिला यशस्वी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तो याच कालव्यांच्या उसावर. तुमच्या आई-वडिलांना यातलं बरंच आठवत असेल. मुलीला ते त्यांनीच सांगावं.

थोडं व्यवहाराचं. पेट्रोल संगमनेरला किंवा राजूरला भरून घ्या, रोख पैसे जवळ ठेवा, कारण रतनवाडी-घाटघर पट्ट्यात मोबाइलला रेंज धड मिळत नाही. त्यामुळे विसर्गाचा ताजा आकडा शेंडीतून निघण्याआधीच बघा किंवा ज्या घरी उतरला असाल तिथल्या माणसांना विचारा. "काल रात्री वर कसा पाऊस होता?" एवढंच विचारायचं. त्यांना ते आकड्याशिवाय नेमकं सांगता येतं. ते 'आज तिकडे नका जाऊ' म्हणाले तर आकड्यांपेक्षा त्यांचं ऐका. अंधार पडायच्या आत परत या. धुक्यात जलाशयाकाठच्या वळणांवर गुरं रस्त्यात बसलेली असतात. दरड आली तर तासभर अडकायला होतं, म्हणून वडिलांची औषधं सामानाच्या डिकीत नाही, गाडीत हाताशी ठेवा. रात्री ज्या घरी राहाल तिथे भाकरी, नाचणीची असली तर उत्तम, आणि इथल्या काळभाताचा भात मिळतो का विचारा. कधी अगोदर सांगावं लागतं.

तारीख नक्की झाली की सांगा. त्या आठवड्याची आवक-विसर्गाची आकडेवारी बघून रंधा आधी की रतनवाडी आधी, ते कळवतो.